हातचा मळ

एका मुलाखतीतला प्रसंग बरेच दिवस डोक्यातून जात नाही. टेबलाच्या एका बाजूला तिघं, समोर ती. पद साधंच, हिशेब आणि नोंदी ठेवण्याचं. डोक्यावर पंखा, त्याने उडू नयेत म्हणून अर्जांच्या गठ्ठ्यावर एक जाड फाईल ठेवलेली. पहिला प्रश्न विचारून होतो न होतो तोच ती जरा पुढे झुकून म्हणाली, "सॉरी, तुमच्यासमोरचा अर्ज माझा नाही बहुतेक. आडनाव तेच आहे, पण जन्मसाल वेगळं आहे." कागद तिच्या बाजूने उलटा होता, हातभर लांब होता आणि निम्मा फाईलखाली झाकलेला होता. तिघांनी पाहिलं, अर्ज खरंच दुसऱ्या कुणाचा निघाला. अदलाबदल झाली, मुलाखत पुढे सरकली. पाचेक मिनिटांनी नेहमीचा प्रश्न आला, "तुमची बलस्थानं कोणती? तीन सांगा." आणि ती गप्प झाली. मांडीवरच्या फाईलचा कोपरा अंगठ्याने दुमडत राहिली, उलगडत राहिली. मग म्हणाली, "मी मेहनती आहे. प्रामाणिक आहे. आणि... सगळ्यांशी जुळवून घेते." शेवटचे शब्द तर जेमतेम ऐकू आले. तिघांनीही ते आपापल्या रकान्यात उतरवून घेतले.

पाच मिनिटांपूर्वी काय घडलं होतं, ते कुणाच्याच ध्यानात नव्हतं. तिच्याही नाही.

एखादी गोष्ट सहज जमते हे सांगायला आपण 'हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ' असं म्हणतो. तोऱ्यात म्हणायचं वाक्य आहे हे. पण त्यातला शब्द जरा थांबून ऐकला तर चमकायला होतं. मळ म्हणजे धुऊन टाकायची वस्तू. जे कष्टाशिवाय आलं त्याला मोल नाही, ही समजूत बोलण्यातच मुरली आहे. कुणी कौतुक केलं की तोंडून निघतंच, "त्यात काय एवढं", "सवयीने जमतं", "कुणीही केलं असतं". विनय म्हणून म्हटलं तर त्यात गैर काही नाही. पंचाईत अशी, की हळूहळू म्हणणाऱ्यालाच ते खरं वाटू लागतं. आपल्या गुणांची मोजदाद आपण घामाच्या पट्टीने करतो. ज्यासाठी रात्री जागवल्या ते आपलं, आणि जे आपसूक झालं ते हिशेबातच नाही. गणितात धडपडत पास झालेला माणूस ते यश आयुष्यभर सांगतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मित्र त्याच्याभोवती बसायचे आणि तो त्यांना इतिहासाचा धडा गोष्टीसारखा सांगायचा, हे त्याला विचारलं तरी आठवत नाही.

१९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकाला विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे असाल. त्यांच्या निष्कर्षाचा एक भाग सगळीकडे पोचला, सर्वांत कच्च्या लोकांना आपण बऱ्यापैकी पुढे आहोत असं वाटत होतं, हा. दुसरा भाग मात्र मागेच राहिला, आणि इथे कामाचा तो आहे. वरच्या २५ टक्क्यांत असलेल्यांनी स्वतःला होते त्यापेक्षा खाली धरलं. त्यांची चूक स्वतःबद्दल कमी आणि इतरांबद्दल जास्त होती. मला हे सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच सोपं गेलं असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. काही आठवड्यांनी व्याकरणाच्या चाचणीतल्या मंडळींना इतर ५ जणांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. त्या तपासल्यावर वरच्या गटाने स्वतःबद्दलचा अंदाज वर सरकवला. त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती की धीर दिला नव्हता. दुसरा माणूस कुठे अडतो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

तुलनेने माणूस खचतो असं आपण ऐकत आलो आहोत, आणि ते खरंही आहे, कारण आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तयार फळाशी आपल्या चिखलाची तुलना करतो. पण कामाच्या रीतीची तुलना वेगळी. आपण रोज विचार न करता करतो असं एखादं काम घ्यावं. पाहुण्याला रस्ता समजावणं, लांबलचक पत्राचं चार ओळींत सार काढणं, रडणाऱ्या मुलाला शांत करणं, काहीही. आणि तेच काम करणाऱ्या तीन माणसांशेजारी शांतपणे बसावं. ती कुठे थांबतात, कुठे विचारतात, कुठे मागे जाऊन पुन्हा सुरू करतात, एवढंच पाहायचं. जिथे ती थबकतात आणि आपल्याला तिथे थबकायची जागा आहे हेच माहीत नव्हतं, तिथे काहीतरी आहे. त्यांना कमी लेखायचं कारण नाही. दुसऱ्या कुठल्या कामात तेच आपल्याला अडखळताना पाहत असतील.

बलस्थानांबद्दल विचारलं की माणसं विशेषणं देतात, आणि सगळी गाडी तिथेच अडते. मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, मनमिळाऊ. हे शब्द खोटे नसतात, पण ते इतके सगळ्यांचे असतात की त्यांना हात लावला तर हाताला काहीच लागत नाही. 'मी मेहनती आहे' या वाक्यावर मन लगेच उलटतपासणी सुरू करतं, मग गेल्या रविवारी दिवसभर लोळत काय होतास? विशेषणाला कायम अपवाद सापडतो, आणि खचलेल्या माणसाला तो आधी सापडतो. क्रियापदाला अपवाद नसतो. 'मंगळवारी मी दोन याद्या जुळवल्या आणि तिसऱ्या पानावरची चूक काढली' हे घडलेलं आहे, ते कुणालाही, अगदी स्वतःच्या मनालाही, खोडता येत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो क्रियापदांचा.

त्यासाठी एक साधी वही पुरते आणि १४ दिवस. रोज रात्री १० मिनिटं, जास्त नको. दिवसातल्या जास्तीत जास्त ३ गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीच्या ३ ओळी. पहिल्या ओळीत मी नेमकं काय केलं. दुसऱ्या ओळीत त्याने काय बदललं. तिसऱ्या ओळीत एक खूण, ते करून झाल्यावर अंगात जीव वाढला असेल तर अधिक, गळून गेल्यासारखं झालं असेल तर वजा. पहिली ओळ सर्वांत अवघड. 'मीटिंग चांगली हाताळली' ही नोंद बाद, कारण तिच्यात कृती दिसत नाही. तीच गोष्ट अशी लिहिली की डोळ्यांसमोर उभी राहते: 'दोघं एकच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत मांडून भांडत होते. मी दोघांची वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, यात फरक कोणता? वाद तिथेच मिटला.' आता इथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. या माणसाने दोन्ही बाजू ऐकल्या, शब्दांखालचा अर्थ धरला, आणि कुणाचीही बाजू न घेता तो सगळ्यांसमोर ठेवला. 'संवादकौशल्य' या एका गुळगुळीत शब्दात यातलं काहीच उरलं नसतं. लिहिताना स्वतःला विचारत राहावं, हे कुणी कॅमेऱ्याने टिपलं असतं तर त्यात काय दिसलं असतं? जे दिसलं असतं तेच लिहायचं.

हा क्रम चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास तुटतो. वही उघडली की वाटतं, आज काही केलंच नाही. ते खरं नसतं. दिवस आठवायची आपली पद्धतच अशी, की मोठं किंवा वाईट तेवढं वर येतं आणि बाकीचं तळाशी बसतं. अशा वेळी आठवणीवर भिस्त ठेवू नये. मोबाईल घ्यावा आणि आज आपण पाठवलेले मेसेज, केलेले फोन वरून खाली पाहत जावं. कुणाला काय सांगितलं, कुणी काय विचारलं, कशाचं उत्तर आपण लगेच दिलं. बहुतेक वेळा तिथे दोन तरी नोंदी सापडतात. दुसरी चूक म्हणजे फक्त यश लिहिणं. काम फसलं तरी त्यात केलेली कृती फसलेली नसते. कार्यक्रम पावसाने वाहून गेला असेल, पण ४० लोकांना वेळेत कळवून त्यांची फेरी तुम्ही वाचवली असेल तर ती नोंद वहीत आलीच पाहिजे. फक्त जिंकलेल्या गोष्टी लिहिल्या तर ती वही नशिबाची होते.

चौदा दिवसांनी साधारण ३० नोंदी जमतात. मग पेन्सिल घेऊन सगळी क्रियापदं अधोरेखित करायची. जुळवलं, विचारलं, थांबवलं, सोपं करून सांगितलं, आधीच ओळखलं. एखादं क्रियापद चार-पाच वेळा आलं आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे कामावर, घरी, मित्राच्या अडचणीत, तर ते बहुधा आपलं. एकाच ठिकाणी पाच वेळा आलं असेल तर ती त्या जागेची गरज असू शकते. आता अधिक-वजाच्या खुणा पाहायच्या, आणि इथे जरा रेंगाळायला हवं, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते. जमतं ते सगळं बलस्थान नसतं. घरात, ऑफिसात एखादा माणूस असतो ज्याच्याकडे प्रत्येक भांडण सोडवायला आणलं जातं. तो ते उत्तम सोडवतो. सगळे म्हणतात, हे तुलाच जमतं. आणि संध्याकाळी तो दिवा न लावता अर्धा तास नुसता बसून राहतो. त्याच्या वहीत त्या क्रियापदापुढे पाचही वेळा वजा येईल. हे त्याचं कसब आहे, कदाचित मोठं कसब, पण त्याच्यावर आत्मविश्वास उभा करायला गेलं तर माणूस कौतुकाखालीच दबून जातो. ते काम सोडून द्यावं असं नाही. किती वेळा करायचं हे आपण ठरवावं, इतकंच.

शेवटी हाताशी क्रियापदं ठेवायची ती पाच-सहा. यादी लांबवण्याचा मोह होतो, वीस गुण लिहा, पन्नास गुण लिहा असे सल्लेही मिळतात. ते मला घातक वाटतात, आणि त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना आपण ठामपणे वागलो असे ६ प्रसंग आठवायला सांगितले, काही जणांना १२. नंतर स्वतःला किती ठाम समजता असं विचारलं, तर १२ आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम म्हटलं. पुरावा त्यांच्याकडे दुप्पट होता, पण आठवताना झालेली ओढाताण त्यांनी पुरावा म्हणून धरली. इतकं शोधावं लागतंय, म्हणजे माझ्यात ते नसेलच. रात्री अकरा वाजता वीस गुणांच्या यादीसमोर नवव्या ओळीवर अडकलेल्या माणसाचं हेच होतं. तो सुरू करताना होता त्यापेक्षा खचून उठतो.

आता दुसऱ्यांकडे जायचं. जोसेफ लुफ्त आणि हॅरी इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली चार चौकटींची एक खिडकी मांडली, दोघांच्या नावांवरून तिला जोहरी खिडकी म्हणतात. तिच्यातली एक चौकट अशी, जी इतरांना दिसते आणि आपल्याला दिसत नाही. त्या चौकटीबद्दल बोलताना बहुतेक जण दोषांबद्दल बोलतात, जणू आपल्या पाठीमागे फक्त डागच असतात. पण तिथे गुणही तितकेच असतात, किंबहुना दोष कुणीतरी रागाच्या भरात बोलून तरी दाखवतं, गुण तसे कुणी तोंडावर सांगत नाही. ते विचारावे लागतात. आणि विचारायला संकोच होतो, हे समजण्यासारखं आहे. आपल्याबद्दल चांगलं सांगा असं म्हणताना जीभ अडखळते.

मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००५ च्या सुमारास यासाठी एक रीत घालून दिली. वेगवेगळ्या ओळखीच्या १० ते २० जणांना विचारायचं आणि त्यांच्याकडून मत मागायचं नाही, प्रसंग मागायचा. सगळं यश या एका फरकावर आहे. 'माझ्यात काय चांगलं आहे?' असं विचारलं की 'तू खूप चांगली आहेस' असं उत्तर येतं आणि हाती काही राहत नाही. मेसेज असा हवा: 'मी स्वतःच्या कामाच्या पद्धतीकडे जरा नीट पाहतोय. माझ्यामुळे काहीतरी सोपं झालं किंवा सुधारलं, असा तुम्ही पाहिलेला एखादा प्रसंग आठवतो का? मी नेमकं काय केलं होतं, ते दोन-चार ओळींत सांगाल? घाई नाही, आठवड्याभरात चालेल.' कारण सांगितल्याने समोरच्याची काळजी मिटते, मुदत दिल्याने उत्तर येतं, आणि 'नेमकं काय' या शब्दांमुळे स्तुतीऐवजी कृती मिळते. नुसतं जवळच्यांना विचारू नये. त्यांचं प्रेम कृतीच्या आड येतं. दोन-तीन जुने सहकारी, एखादा शिक्षक, आणि ज्यांच्याशी फारसं जमत नाही असा एखादा तरी माणूस त्यात असावा. त्याची एक ओळ कित्येकदा बाकीच्यांच्या पानाहून जड ठरते. आणि नुकताच मोठा अपमान झाला असेल, नोकरी गेली असेल, तर थोडं थांबावं. त्या दिवसांत न आलेलं उत्तर आलेल्या दहा उत्तरांपेक्षा मोठं दिसतं.

उत्तरं आली की प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर उतरवावा आणि चिठ्ठ्या जमिनीवर पसराव्यात. एकसारख्या वाटतील त्या जवळ आणाव्यात. लोकांना आठवलेले प्रसंग आपण पार विसरलेले असतात, हे इथे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. कुणी लिहितं, 'तू त्या दिवशी सगळे बोलत असताना माझ्याकडे वळून विचारलंस, तुझं काय मत? तोवर सहा महिने मला कुणी विचारलं नव्हतं.' आपल्याला तो दिवसच आठवत नाही. आनंद होतो, पण त्याच्या जोडीला एक विचित्र हळहळही येते, की आपलं इतकं काही दुसऱ्यांकडे पडून होतं आणि आपण रिकाम्या हाताने हिंडत होतो.

वही आणि चिठ्ठ्या यांपलीकडेही काही खुणा असतात. लोक आपल्याकडे काय घेऊन येतात? सल्ला मागायला, मजकूर तपासून घ्यायला, की नुसतं शेजारी बसायला? कुणी न सांगता आपण काय करून टाकतो? आणि सर्वांत भरवशाची खूण, जिच्याकडे फार कमी लोक पाहतात, ती म्हणजे चीड. दुसऱ्याच्या कामातलं काय आपल्याला सहन होत नाही? ढिसाळ वाक्य वाचलं की कुणाच्या कपाळावर आठी पडते. कुणी नवख्याला कोपऱ्यात एकटा ठेवून गप्पा मारत बसलं की कुणाला राहवत नाही. ही चीड उगाच येत नाही. ज्याला सूर कळतो त्यालाच बेसूर टोचतो. बाकीच्यांना तो ऐकूही येत नाही, आणि आपण मात्र समजतो की सगळ्यांना ऐकू येतंय आणि ते मुद्दाम दुर्लक्ष करताहेत. अशी चीड आली की 'मला इथे असं काय दिसलं, जे यांना दिसलं नाही?' हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

तयार प्रश्नावल्याही आहेत. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली २४ गुणांची मांडणी केली, तिच्यावर आधारलेली चाचणी इंटरनेटवर फुकट सोडवता येते. डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून आलेली दुसरी एक चाचणी ३४ गुणप्रकारांची. त्यांचा उपयोग आहे, विशेषतः ज्याला गुणांसाठी शब्दच सुचत नाहीत त्याला. पण त्या शेवटी आपल्यालाच विचारतात की तुम्ही कसे आहात, म्हणजे ज्या डोळ्याला दिसत नाही त्यालाच पुन्हा साक्षीला बोलावतात. त्यातून मिळालेल्या शब्दापुढे स्वतःचे दोन घडलेले प्रसंग लिहिता आले तर तो शब्द ठेवावा. नाही आले तर सोडून द्यावा.

या शोधात एक हळवी जागा येते, आणि तिच्याबद्दल सहसा बोललं जात नाही. काही बलस्थानं सुखातून आलेली नसतात. खोलीत शिरताच कुणाचा मूड कसा आहे हे क्षणात ओळखणारी माणसं असतात. त्यांच्यातल्या काहींनी हे लहानपणी शिकलेलं असतं, दाराच्या कडीच्या आवाजावरून, जिना चढणाऱ्या पावलांवरून, कारण त्यावर पुढची संध्याकाळ ठरायची. कुणी पैन् पै जपून सगळ्यांचं भागवायला शिकलं, कारण तसं न करून चालणारं नव्हतं. अशा गुणाला बलस्थान म्हणताना घशात काहीतरी अडकतं. म्हणावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वहीत त्या नोंदीपुढची खूण प्रामाणिकपणे करावी. पुष्कळदा असं दिसतं की तीच नजर आता, भीती नसलेल्या खोलीत, वेगळीच वागते. पूर्वी ती स्वतःला वाचवायची. आता ती कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला आधी शोधते, आणि खूण अधिकची येते.

आणखी एक दुखरी गोष्ट म्हणजे कधी कधी सापडलेलं बलस्थान हवं असलेलं नसतं. मंचावर उभं राहून सभा जिंकायची हौस असते, आणि वही सांगते की तुझं बळ मंचामागे आहे, क्रम लावण्यात, वेळ सांभाळण्यात. तेव्हा थोडं वाईट वाटू द्यावं. ते लपवून 'वा, मला माझा गुण सापडला' असं म्हणू नये. मंचावर जायला कुणी मनाई केलेली नाही, वक्तृत्व शिकता येतं. फक्त तिथे जाताना आपलं बळ बरोबर न्यायचं. ज्याला क्रम लावता येतो त्याने भाषण पाठ करण्यात वेळ घालवू नये. तीन मुद्दे, त्यांच्यातले जोड आणि शेवटचं वाक्य एवढं कागदावर लावून घ्यावं. तो दुसऱ्यासारखा बोलणार नाही, पण ऐकणाऱ्याला वाट सापडेल असं नक्की बोलेल.

नुसतं ओळखून मात्र भागत नाही. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. ज्यांनी आपले ठळक गुण फक्त शोधून काढले त्यांना काही काळच बरं वाटलं. ज्यांनी आठवडाभर रोज एक ठळक गुण नव्या रीतीने वापरला, त्यांच्यात सहा महिन्यांनंतरही फरक टिकून होता, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी ते आपणहून चालू ठेवलं त्यांना त्याचा जास्त लाभ झाला. आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' म्हणायच्या सल्ल्याबद्दलही सांगायला हवं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं, की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांना स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य घोकल्यावर आणखी वाईट वाटतं. त्यांच्या मनात लगेच उलट बाजू उभी राहते. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हा उपाय चटका देतो.

'आत्मविश्वास' या शब्दात विश्वास आहे, आणि विश्वास आपण कुणावर ठेवतो? ज्याने दिलेला शब्द दोन-चार वेळा पाळलेला पाहिला आहे त्याच्यावर. स्वतःशीही व्यवहार तसाच असतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'हे मला जमेल' ही खात्री कुठून येते याचे चार झरे सांगितले: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं, आणि शरीराची अवस्था. यात पहिला सर्वांत जोरकस. सापाची प्रचंड भीती असलेल्या लोकांवर त्यांनी केलेल्या कामात हे दिसतं. दुसरा कुणी साप हाताळताना नुसता पाहणाऱ्यांपेक्षा, सोबतीने पायरीपायरीने स्वतः साप हाताळणाऱ्यांची खात्री जास्त वाढली. महत्त्व पायरीला आहे. पहिल्याच दिवशी कुणी साप हातात घेत नाही.

म्हणून एक क्रियापद निवडायचं आणि ७ दिवस ते रोज एकदा अशा जागी वापरायचं जिथे आजवर वापरलं नाही. जिला सोपं करून सांगता येतं तिने पहिल्या दिवशी एकाला एक गोष्ट समजवावी, तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये एका गुंतागुंतीच्या मुद्द्याचं दोन वाक्यांत सार सांगावं, सातव्या दिवशी दहा जणांसाठी एका पानाचं टिपण लिहावं. पायरी एवढी हवी की दहापैकी सात-आठ वेळा जमेल. दहाही वेळा जमत असेल तर ती पायरीच नाही, आणि दोनदाच जमत असेल तर मन पुन्हा जुनं गाणं सुरू करतं. छाती धडधडली तर ती भीती असेलच असं नाही, नव्या जागी शरीर तयारी करताना तसंच वागतं. करण्याआधी एका ओळीत लिहून ठेवावं, काय होईल असं वाटतं. नंतर काय झालं ते त्याच्याखाली. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर हीच रीत मोठ्या निर्णयांसाठी सांगत, अपेक्षा लिहून ठेवायची आणि ९ ते १२ महिन्यांनी ती प्रत्यक्षाशी ताडून पाहायची. छोट्या गोष्टींना तेवढं थांबायला नको, त्याच रात्री कळतं. बहुतेक पानांवर वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा काळी असते.

आणि गुण जास्त झाला तर? होतो. चूक चटकन दिसणारा माणूस दुसऱ्याच्या पहिल्याच मसुद्यावर लाल पेन चालवतो. सोपं करून सांगणारी समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करते. गुण आखडता घ्यायचा नाही, त्याची वेळ पाहायची. 'आत्ता चुका सांगू, की आधी नुसतं वाचू?' एवढं विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

त्या मुलाखतीत शेवटी एक प्रश्न उरला होता. कागद आवरता आवरता तिघांपैकी एकीने सहज विचारलं, "तो अर्ज तुमचा नाही हे तुम्हाला दिसलं कसं?" ती आधी म्हणाली, "दिसलंच." मग क्षणभर थांबली आणि सांगायला लागली. की ती कुठलाही कागद आला तरी आधी आकडे पाहते, अक्षरं नंतर. उलट्या कागदावर नाव वाचता येत नाही पटकन, पण इंग्रजी आकडे ओळखू येतात, त्यातले शून्य आणि आठ तर उलटे झाले तरी तसेच राहतात. जुन्या कामात बिलं जुळवताना ती रकाना खालून वर वाचायची, कारण वरून खाली वाचलं की डोळा अंदाजाने पुढे पळतो आणि चूक गिळून टाकतो. ओळीखाली पट्टी धरायची. दोन तासांनी खिडकीपाशी जाऊन लांबवर पाहून यायची, कारण दमलेल्या डोळ्याला तीन आणि आठ सारखेच दिसतात. हे सांगताना फाईल मांडीवरून टेबलावर आली होती, आणि तिचं बोट हवेतल्या एका रकान्यावरून खालून वर जात होतं. आवाज बदलला होता, खोलीच्या टोकाला ऐकू जाईल इतका. तिघांचीही पेनं हातात तशीच थांबली होती. अचानक तिच्या ते लक्षात आलं आणि ती ओशाळली. "पण हे काही सांगण्यासारखं नाही," ती म्हणाली, फाईल उचलली, उठली, दारापर्यंत गेली. मग वळून म्हणाली, "तो दुसरा अर्ज वरच ठेवा. त्यांचा नंबर माझ्यानंतरच आहे."